पहिलं खोकं आत येण्याआधी

कॉलेजच्या ग्रंथालयात प्रादेशिक इतिहासाचा संग्रह उभा करायचं ठरलं की चर्चा लगेच खोली कोणती, कपाटं किती आणि दारावरच्या पाटीवर नाव कुणाचं, इथे येते. हे सगळं मागाहून ठरलं तरी चालतं. आधी हवा दोन पानांचा संग्रह-धोरणाचा कागद, ग्रंथालय समितीनं मंजूर केलेला आणि प्राचार्यांची सही असलेला. प्राचार्य बदलतात, ग्रंथपाल निवृत्त होतात, ज्या प्राध्यापकांच्या हौसेवर गाडा चाललेला असतो ते दुसरीकडे जातात. मागे राहतो तो हा कागद.

त्यात पहिल्यांदा हद्द लिहा. आजची प्रशासकीय सीमा सोयीची वाटते, पण सीमा बदलतात आणि माणसांचे व्यवहार तशाही त्या जुमानत नाहीत. एका नदीचं खोरं, एका बाजारपेठेकडे माल आणणारी गावं, एका बंदरामागचा मुलूख अशी हद्द धरली तर कागद एकमेकांशी बोलू लागतात. काळाचं वरचं टोक मोकळं ठेवा. गेल्या निवडणुकीची पत्रकं आज कचरा वाटतात, म्हणूनच ती कुणी ठेवत नाही.

मग काय घ्यायचं नाही ते लिहा, आणि हे स्पष्ट शब्दांत. तलवारी, नाणी, मूर्ती, जुनी भांडी हे संग्रहालयाचं काम आहे. ग्रंथालयाकडे ना त्यासाठी जागा असते ना माणसं. जवळच्या अभिलेखागारात आणि सार्वजनिक ग्रंथालयात काय नीट जपलं जातंय ते एकदा जाऊन पाहा, त्याची दुसरी प्रत जमवत बसू नका. कॉलेजच्या वाट्याला येतं ते इतरांनी सोडलेलं: संस्थांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, बंद पडलेली साप्ताहिकं, दुकानांच्या खतावण्या, सभांची पत्रकं, हातानं काढलेले नकाशे, विद्यार्थ्यांचे जुने क्षेत्रपाहणी अहवाल. स्वतःच्या कॉलेजचे वार्षिक अंक आणि इतिवृत्तं तरी पूर्ण आहेत का, हे आधी बघा. बहुतेक ठिकाणी मधली काही वर्षं गायब निघतात.

देणगीपत्राचा नमुना पहिली देणगी दारात येण्याआधी छापून तयार असू द्या. वस्तूची मालकी आणि मजकुराचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात स्वच्छ यायला हवं. आजोबांची पत्रं नातवानं दिली म्हणून ती छापायचा हक्क आपोआप ग्रंथालयाकडे येत नाही. तो पत्र लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. मालकी कायमची दिली की फक्त सांभाळायला, स्कॅन करून सर्वांसाठी खुलं करायला परवानगी आहे का, काही भाग ठरावीक वर्षं बंद ठेवायचा का, दुबार प्रती निघाल्या तर त्यांचं काय करायचं, हे सगळं तिथेच लिहून घ्या. ‘आमचं कपाट वेगळं ठेवा, वर नाव लिहा’ ही मागणी हमखास येते. वेगळ्या कपाटाचं वचन देऊ नका. प्रत्येक नोंदीत देणगीदाराचं नाव येईल असं सांगा. तेवढं पुरतं आणि जन्मभर निभावता येतं. पत्रांमध्ये हयात माणसांच्या आजारपणाच्या किंवा कज्जांच्या गोष्टी असतील तर वाचकांसाठी खुलं करण्याआधी एका जाणत्या माणसानं ती चाळलेली असावीत.

आता सगळ्यात नाजूक काम. एखाद्या घरातून कागदांचं खोकं आलं की हात शिवशिवतात: पत्रं एका बाजूला, फोटो दुसऱ्या, पावत्या तिसऱ्या. थांबा. एका माणसाचे वा संस्थेचे कागद एकत्रच ठेवावेत हे तत्त्व फ्रान्समध्ये 1841 साली सरकारी परिपत्रकात आलं, आणि ते ज्या क्रमानं तयार झाले तो क्रमही मोडू नये, हे तीन डच अभिलेखपालांनी 1898 च्या त्यांच्या हस्तपुस्तकात मांडलं. ग्रंथपालाला हे पचायला जड जातं, कारण आपली सवय विषयवार लावण्याची. पण खतावणीच्या मध्ये खोचलेली पावती त्या पानाबद्दल काही सांगत असते. ती उचलून ‘पावत्या’ या फाइलीत टाकली की ती फक्त पावती उरते. म्हणून खोकं उघडल्यावर काहीही हलवण्याआधी वरून मोबाइलनं फोटो काढा, प्रत्येक थराचा एक. कुणाकडून आलं, कोणत्या खोलीत होतं, देणाऱ्यानं तोंडी काय सांगितलं, हे त्याच दिवशी लिहा. ही माहिती नंतर कुठल्याच साधनानं परत मिळत नाही.

दाखल नोंदवही या संग्रहासाठी स्वतंत्र करा. पुस्तकांना एकेक दाखल क्रमांक ठीक, पण चारशे पत्रांना चारशे क्रमांक देत बसलात तर काम पहिल्याच खोक्यात अडकेल. एका देणगीला एक क्रमांक, मग खोकं, मग फाइल. सुट्या कागदापर्यंत फक्त गरज असेल तिथे उतरा. छापील पुस्तकं ड्यूईच्या दशांश विषय-वर्गीकरणानं लावा, कागदपत्रांना तो आग्रह नको.

स्थळनामांची एक अधिकृत यादी सुरुवातीपासून चालू ठेवा, जुनी नावं आजच्या नावाशी जोडून. सेंट पीटर्सबर्ग 1914 मध्ये पेट्रोग्राड झालं, 1924 मध्ये लेनिनग्राड आणि 1991 मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. ‘पेट्रोग्राड’ असा छापील शिक्का असलेलं बिनतारखेचं पत्र त्या नावावरूनच दहा वर्षांच्या पट्ट्यात बसतं. नोंद करणाऱ्यानं सोयीसाठी आजचं नाव लिहिलं तर हा पुरावा नोंदीतून पुसला जातो. तारखांचंही तेच: कागदावर जी आहे ती तशीच उतरवा, आजच्या कालगणनेतली वेगळ्या रकान्यात. नोंदींसाठी डब्लिन कोअर या नोंद-मानकाचे पंधरा घटक (शीर्षक, कर्ता, तारीख वगैरे) सुरुवातीला पुरेसे आहेत, आणि पुस्तकांसाठी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातच या संग्रहाचा वेगळा विभाग काढा. सॉफ्टवेअरच्या निवडीवर सहा महिने घालवणं हा काम न करण्याचा एक प्रतिष्ठित मार्ग आहे.

साहित्याची खरेदी साधी आहे. आम्लमुक्त फोल्डर आणि खोकी, मऊ पेन्सिली, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं. पीव्हीसीची नकोत, त्यांतून निघणारे वायू फोटो खराब करतात. टाचण्या, स्टेपल आणि रबर बँड काढून टाका. चिकटपट्टी मात्र स्वतः ओढू नका, कागदाचा थर तिच्याबरोबर येतो. वर्तमानपत्राची कात्रणं सुटी ठेवा. स्वस्त लगद्याच्या त्या कागदात लिग्निन असतं, तो पिवळा पडतो आणि त्यातलं आम्ल शेजारच्या पानात उतरतं. कात्रण काढलं तरी त्याच्या आकाराचा तपकिरी डाग खालच्या पत्रावर तसाच दिसतो. कात्रणाची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून तीच वाचकाला द्या. फोटोवर काही लिहायचं झालं तर मागच्या बाजूला, कडेला, पेन्सिलीनं, न दाबता. जुन्या फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास आला तर तो डबा बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा.

खोली निवडताना गच्चीखालची आणि तळघरातली टाळा, छतातून पाण्याचे नळ जात असतील तर तीही. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरते, त्यामुळे एक साधा आर्द्रतामापक आणि रोज नोंद करणारा माणूस एवढं तरी हवंच. कसर आणि वाळवी बहुधा देणगीच्या खोक्यातूनच येतात. नवं आलेलं सगळं आधी वेगळ्या जागेत ठेवा, पाहा, मगच कपाटात. डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका. त्या कीड संपवत नाहीत आणि खोलीत बसणाऱ्या माणसाला त्रास देतात. कागद भिजलेच तर 48 तासांच्या आत ते वाळवायला किंवा गोठवायला हवेत, म्हणून फोन कुणाला करायचा आणि डीप फ्रीझर कुणाकडे आहे, हे दारामागे लिहून लावा.

स्कॅनिंगची घाई नको. नोंद न झालेल्या कागदाचं स्कॅन म्हणजे नाव नसलेली आणखी एक फाइल. मजकुराला 300 ते 400 डीपीआय (इंचामागे ठिपके), लहान फोटोंना 600, मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात, वाचकांसाठी पीडीएफ. दोन प्रती इमारतीत आणि तिसरी बाहेर कुठेतरी. मौखिक इतिहास करणार असाल तर संमतिपत्र मुलाखतीच्या आधी वाचून दाखवा, आणि मुलाखतीनंतर पुन्हा विचारा. काय बोलून गेलो हे माणसाला बोलल्यावरच कळतं.

वाचकांसाठी नियम थोडे ठेवा: पेन नाही, पिशवी बाहेर, एका वेळी एक फाइल, साहित्य घरी नाही. हात कोरडे आणि धुतलेले असले की कागदाला मोजे लागत नाहीत, फोटोंना आणि फिल्मला लागतात. टेबलाशेजारी एक वही ठेवा आणि वाचकानं काय मागितलं आणि काय मिळालं नाही ते तिथेच उतरवा. वर्षाअखेरीस ती ग्रंथालय समितीपुढे ठेवली की पुढच्या वर्षी कुणाच्या घरी, कोणत्या संस्थेत जायचं ते ठरवता येतं.