सहकारी गंभीर आजारी पडला तर नेमकं काय करावं

माझ्या कॅन्सरवरच्या केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर ऑफिसच्या अकाउंट्समधल्या एका बाईंचा मेसेज आला. लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. 'मंगळवारी आणि शुक्रवारी मुलीला क्लासमधून मी घरी सोडते. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.' फोन छातीशी धरून मी रडले.

म्हणून सांगते, 'काही लागलं तर सांग' एवढ्यावर थांबू नका. काय लागतंय हे ठरवायचंसुद्धा त्राण नसतं. वार, वेळ आणि काम सांगून विचारा, नको म्हणायची मोकळीकही ठेवा.

भेटायला जायच्या आधी विचारा. बऱ्याच केमोंमध्ये डोस दिल्यानंतर ७ ते १४ दिवसांच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, त्यामुळे संसर्ग पटकन होतो. तुम्हाला साधी सर्दी असली तरी जाऊ नका. अत्तर, सेंट लावू नका, त्या वासानं पोटात ढवळतं. वीस मिनिटांत उठा.

या काळात ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला कळवायचं असतं. आमच्या टीममधल्या एकानं 'रात्री कधीही फोन कर, गाडी घेऊन येतो' असं आधीच सांगून ठेवलं होतं. एकदा पहाटे तीनला तो खरंच आला, चपला उलटसुलट घालून.

आजाराबद्दल कुणाला किती सांगायचं, हे आजारी माणसालाच ठरवू द्या. निरोप एकाच व्यक्तीकडे जाऊ देत. दहा जणांना तेच तेच सांगताना जीव थकतो.

आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही मेसेज करा. तेव्हा फोन गप्प झालेला असतो.