यॉर्कशायरमध्ये नवीन आलात? १ ऑगस्ट आपलाच समजा

लीड्स, ब्रॅडफर्ड, शेफील्ड, हल, कुठेही नोकरी लागून आला असाल, १ ऑगस्टची आत्ताच नोंद करून ठेवा. तो यॉर्कशायर डे. सरकारी सुट्टी नसते, पण उन्हाळी सुट्टीमुळे शाळा बंद असतात, त्यामुळे मुलांना घेऊन निघता येतं. ‘तो इथल्या लोकांचा कार्यक्रम, आपलं तिथे काय काम?’ म्हणून आपली बरीच मंडळी घरी बसतात. मला ते अजिबात पटत नाही.

मुळात हा दिवस रागातून सुरू झाला. १९७४ साली सरकारने काउंट्यांच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्यांच्या, सीमा नव्याने आखल्या. नॉर्थ, ईस्ट आणि वेस्ट हे यॉर्कशायरचे तीन जुने रायडिंग, म्हणजे विभाग, कारभारातून गेले. हल ‘हंबरसाइड’मध्ये टाकलं, सॅडलवर्थ तर ग्रेटर मँचेस्टरला जोडलं. लोकांना ते फार झोंबलं. पुढच्याच वर्षी यॉर्कशायर रायडिंग्ज सोसायटीने बेव्हर्लीत हा दिवस साजरा केला. खानदेश जिल्हा १९०६ साली फोडला, तरी धुळे-जळगावचा माणूस आजही स्वतःला खानदेशीच म्हणवतो, तसंच हे. हंबरसाइड १९९६ साली मोडीत निघालं. सॅडलवर्थ अजून मँचेस्टरकडेच आहे, पण यॉर्कशायर डे तिथेही हौसेने होतो.

या तारखेला आणखी एक मान आहे. ब्रिटिश साम्राज्यातल्या गुलामगिरीवरची बंदी १ ऑगस्ट १८३४ ला अमलात आली, आणि तिच्यासाठी आयुष्यभर झटलेले विल्यम विल्बरफोर्स हे हलचे, यॉर्कशायरचे खासदार.

जमलं तर यॉर्कला जा. शहराच्या जुन्या वेशींवर उभं राहून तिथे एक जाहीरनामा वाचतात. ८७५ सालापासूनची वर्षं मोजून ‘या सीमा इतक्या वर्षांच्या आहेत’ असं ठणकावून सांगतात. त्यातलं पुढचं कलम कान देऊन ऐका: इथे जन्मलेले किंवा इथे राहणारे, आणि रायडिंगांशी इमान राखणारे, ते सगळे यॉर्कशायरचेच. ‘इथे राहणारे’ म्हणजे तुम्ही-आम्ही आलोच की! कुणाकडे आमंत्रण मागायची गरज नाही.

क्रिकेटला मात्र हे उशिरा पटलं. कितीतरी वर्षं काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यालाच यॉर्कशायरच्या संघात जागा मिळायची. तो दंडक सुटल्यावर, १९९२ साली, त्यांच्याकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू म्हणजे आपला सचिन, तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांचा. लीड्सच्या हेडिंग्ली मैदानाच्या आसपास वयस्कर माणसांशी हा विषय काढून बघा, गप्पा थांबत नाहीत.

जाताना छत्री घ्या. छातीवर यॉर्कशायरचा पांढरा गुलाब लावा. लाल लावू नका, तो शेजारच्या लँकेशायरचा.

आता खाण्याचं. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. मैदा, अंडी आणि दुधाचं सरसरीत पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून ओव्हनमध्ये फुगवतात, वर ग्रेव्ही. ती चरबी आणि ग्रेव्ही बहुतेकदा मांसाची, म्हणून शाकाहारी आहे का ते आधी विचारा. चिप्स खातानाही सावध राहा, कारण इथल्या बऱ्याच दुकानांत त्या गाईच्या चरबीत तळतात. ‘तळायला काय वापरता?’ असं सरळ विचारावं, कुणाला राग येत नाही. आणि फ्रूटकेकबरोबर वेन्सलीडेल चीजचा तुकडा देतात, तो सोडू नका.