कीबोर्डवरून आलेला इनपुट तपासताना: नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी

पहिल्या वर्षाला आपण लिहितो ते बहुतेक प्रोग्रॅम काळ्या स्क्रीनवर चालतात. ‘गुण टाका’ म्हणायचं, आकडा घ्यायचा, सरासरी दाखवायची. प्रॅक्टिकलला आकडा आपणच टाकतो, त्यामुळे तो बरोबरच असतो. नोकरीत तसाच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हातात जातो आणि तिथे कुणी ‘72%’ टाकतं, कुणी नुसतंच एंटर दाबतं.

मी अशी छोटी टूल्स लिहिते आणि नवीन मुलामुलींचा कोडही तपासते. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते: आधी अख्खी ओळ मजकूर म्हणून घ्या, मग तिचा आकडा करा, मग तो आकडा मर्यादेत बसतो का ते बघा. ही तीन कामं वेगळी ठेवा.

सी भाषा शिकताना हे लवकर पटतं. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ फंक्शनकडे पूर्णांक मागितला आणि समोरच्याने अक्षरं टाइप केली, तर ती अक्षरं बफरमध्ये, म्हणजे इनपुट तात्पुरतं साठवणाऱ्या जागेतच राहतात. लूप असेल तर पुढच्या फेरीला तीच अक्षरं पुन्हा समोर येतात आणि स्क्रीन धावत सुटते. यावर बफर रिकामा करायला एफफ्लशचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण इनपुटवर तो वापरला तर काय व्हावं हे सीच्या अधिकृत प्रमाणकात ठरलेलंच नाही. एफगेट्सने ओळ वाचा आणि स्ट्रटोलने आकडा करा. रूपांतर कुठे थांबलं ते स्ट्रटोल दाखवतं, त्यामुळे ‘72%’मधलं उरलेलं चिन्ह पकडता येतं. मजकुराचा आकडा करणारं अटॉय मात्र टाळाच. अक्षरं दिली तरी ते 0 देतं आणि मग खरोखर शून्य गुण पडलेला विद्यार्थी आणि टायपिंगची चूक यांत फरकच कळत नाही. ओळ वाचणारं जुनं गेट्स फंक्शन तर ओळीची लांबीच पाहत नसे. 1988 च्या मॉरिस वर्मने, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, याच फटीतून शिरकाव केला होता. सीच्या 2011 च्या प्रमाणकात ते फंक्शन काढूनच टाकलं.

पायथनमध्ये काम सोपं वाटतं, पण तिथेही नीट बघावं लागतं. सगळी अक्षरं अंकच आहेत का हे सांगणाऱ्या इजडिजिटने आधी तपासणारा कोड मला वारंवार दिसतो. ‘-5’ला ते नकार देतं, आणि संख्येचा वर्ग दाखवणाऱ्या छोट्या ‘²’ला होकार देतं, जे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंटला चालत नाही. त्यापेक्षा सरळ इंट करून बघा आणि जमलं नाही तर येणारा व्हॅल्यूएरर पकडा. इंटला ‘४२’ही चालतं, म्हणजे मराठी कीबोर्डवर टाइप करणाऱ्याची अडचण होत नाही. फक्त पुढे तुलना आणि साठवण रूपांतर झालेल्या आकड्याचीच करा, कारण मजकूर म्हणून ‘४२’ आणि ‘42’ वेगळे आहेत.

दशांश घेताना आणखी एक. मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फ्लोटला ‘नॅन’ची (‘हा आकडाच नाही’ अशा अर्थाची) तीन रोमन अक्षरं दिली तरी ते बिनतक्रार घेतं आणि त्या किमतीशी केलेली लहान-मोठ्याची प्रत्येक तुलना खोटी ठरते. ‘0 पेक्षा कमी किंवा 100 पेक्षा जास्त असेल तर नाकार’ असं लिहिलंत तर ती आत घुसते. ‘0 ते 100 मध्ये असेल तरच घे’ असं लिहा, म्हणजे बाहेर राहते.

नावांची तपासणी माझ्या विशेष जिव्हाळ्याची आहे. सगळी अक्षरंच आहेत का हे तपासणारं पायथनचं इजअल्फा ‘कमल’ला हो म्हणतं आणि ‘विमल’ला नाही, कारण वेलांटी त्याच्या हिशेबात अक्षर नाही, युनिकोडमध्ये ते चिन्ह आहे. ज्याच्या नावात काना, मात्रा किंवा जोडाक्षर आहे त्याला आपला प्रोग्रॅम ‘नाव चुकीचं आहे’ म्हणणार, हे मला मान्य नाही. अक्षरांबरोबर युनिकोडमधले अशा चिन्हांचे गटही स्वीकारा. नाही तर नाव रिकामं नाही एवढंच बघा. मोबाइल नंबर आणि पिनकोड मजकूरच ठेवा. त्यांची बेरीज कुणी करत नाही.

नकार देताना ‘अवैध इनपुट’ एवढंच छापू नका. ‘गुण 0 ते 100 मधला पूर्णांक हवा, तुम्ही 72% टाकलंत’ असं छापलं की माणूस लगेच दुरुस्त करतो.

शेवटचं, आणि हे मुलं हमखास विसरतात: ‘पुन्हा टाका’च्या लूपमध्ये कुठलीही अट नसलेलं एक्सेप्ट, म्हणजे येईल ती प्रत्येक चूक पकडणारा भाग, लिहू नका. इनपुट फाइलमधून येत असेल आणि फाइल संपली तर ईओएफएरर येतो. तोही गिळला गेला की लूप कधीच थांबत नाही, आणि कंट्रोल-सीसुद्धा चालेनासं होतं. प्रोग्रॅम झाला की त्याला एकदा रिकामी फाइल देऊन चालवून बघा.