शिशाच्या डायची इजेक्टर पिन बदलताना: पोलाद कोणतं घ्यायचं, कुठून आणायचं, बसवायचं कसं

गळाला लावायचं थेंबासारखं शिसं वितळवून ओतण्याऐवजी थंडच दाबून काढायचं असेल, तर डायच्या, म्हणजे पोलादी साच्याच्या, टोकाकडच्या भोकात एक बारीक पिन असते, तिलाच इजेक्टर पिन म्हणतात. शिशाच्या तारेचा मोजका तुकडा पोकळीत पडतो, वरून पंच (दाबणारा दट्ट्या) येतो, शिसं आकार घेतं आणि मग ही पिन त्याला बाहेर ढकलते. पंच वर्षानुवर्षं टिकतो, डायही टिकते. बळी जाते ती पिन.

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात जाळी-दोऱ्यांची दुरुस्ती चालते आणि शिशाला मागणी येते. नेमक्या त्याच दिवसांत हवा सर्वांत दमट असते आणि घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही. म्हणून सुट्या पिना मृगाआधीच आणून ठेवाव्यात. पिन तुटल्यावर घाईत सायकलचा स्पोक किंवा टिग वेल्डिंगची स्टेनलेस तार कापून घातली, तर ती थोड्याच मालात वाकते आणि वाकताना डायचं भोकही खराब करते. पिन स्वस्त आहे, भोक महाग आहे. पुढचा प्रत्येक निर्णय हे लक्षात ठेवूनच घ्यायचा.

जुनी पिन कशाने गेली ते आधी पाहा

जुनी पिन फेकू नका. काचेवर ठेवून लोळवा. मधे बाक असेल तर ती भाराखाली बगलेला गेली, म्हणजे बाजूला वाकली आहे. टोक फुलून मशरूमसारखं झालं असेल तर पोलाद मऊ होतं. बाक न येता कटकन तुटली असेल तर पोलाद फार कडक होतं, किंवा भोक आणि पिनेला मागून ढकलणारा दांडा एका रेषेत नाहीत. टोकाकडचे १०-१५ मिमी बारीक झाले असतील आणि मालाच्या टोकाला शिशाची पातळ कंगोरी येत असेल, तर ती झीज. अंगावर खड्डे दिसले तर तो खाऱ्या हवेचा गंज.

यातल्या पहिल्या दोषाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. पिन वाकली की लोक आणखी कडक पोलाद शोधायला निघतात. पण लांब, बारीक पिन बगलेला जाते ती तिच्या ताठरपणावर, आणि सगळ्या पोलादांचा ताठरपणा जवळजवळ सारखाच असतो. पाणी दिल्याने, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक केल्याने, तो वाढत नाही. २ मिमी जाडीच्या पिनेचा ४० मिमी भाग आधाराविना मोकळा असेल, तर दोन्ही टोकं नुसती टेकलेली धरून ती साधारण १०० किलो भारापर्यंत सरळ राहते. मोकळा भाग ८० मिमी झाला की हाच आकडा २५ किलोवर येतो: लांबी दुप्पट, ताकद चौथाई. आता दुसरी बाजू पाहा. पोकळीत दर चौरस मिमीला ३० किलो दाब आला, तर २ मिमी पिनेच्या तोंडावर ९४ किलो भार पडतो. म्हणजे ८० मिमी मोकळी पिन माल बाहेर ढकलताना नव्हे, तर दाबतानाच वाकणार, मग ती कितीही भारी पोलादाची असो.

उपाय पोलादात नाही, रचनेत आहे. पिनेच्या मागच्या भागावर सैलसर बुश (आधाराची नळी) घालून मोकळा भाग कमी करा. डायमध्ये जागा असेल तर जाडी वाढवा. २ ऐवजी २.५ मिमी केली तर ताकद जवळजवळ अडीचपट होते. आणि पिनेचं डोकं ज्या पट्टीवर टेकतं ती पट्टी मऊ लोखंडाची ठेवू नका. डोकं तिच्यात रुतत जातं, पिन मागे सरकते आणि मालाच्या टोकाला रोज थोडं मोठं बोंड येऊ लागतं.

माप भोकाचं घ्या, जुन्या पिनेचं नाही

जुनी पिन झिजलेली असते, तिच्या मापाने नवी आणली तर ती सैलच येणार. भोक आधी रॉकेलने धुवा, आत दबलेलं शिसं लाकडी काडीने काढा. मग २, २.५, ३ मिमीचे नीडल बेअरिंगचे रोलर गेज म्हणून वापरा. ते अतिशय अचूक मापाचे असतात आणि बेअरिंगच्या दुकानात सुटे मिळतात. मधल्या मापांसाठी पिन गेज लागेल. भोक दोन्ही बाजूंनी तपासा, कारण पोकळीच्या तोंडाशी ते बहुतेक वेळा जास्त खाल्लेलं असतं.

पिन आणि भोक यांच्यात ०.०१ ते ०.०२ मिमी चाल (मोकळी फट) ठेवा. त्याहून कमी ठेवली तर तेलाचा चिकटा आणि शिशाची भुकटी अडकून पिन जाम होते. ०.०४-०.०५ वर गेली की दाबाखाली शिसं फटीत शिरतं, पिनेवर चढतं आणि पुढच्या प्रत्येक मालाला भोक आणखी घासत जातं.

भोकच वाढलं असेल तर पिनेच्या पुढच्या तयार मापापर्यंत न्या: २ वरून २.२, किंवा थेट २.५. कडक केलेल्या डायमध्ये साधा रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) चालणार नाही. पितळेच्या काडीवर डायमंड पेस्ट लावून भोक घासून न्यावं, किंवा विजेच्या ठिणगीने कापणाऱ्या वायरकटवाल्याकडे द्यावं.

पोलाद कोणतं

सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे प्लास्टिकच्या मोल्डसाठी बनलेली तयार इजेक्टर पिन. डीआयएन १५३० ए या जर्मन मानकाची पिन आरपार कडक मिळते, अंग रॉकवेल मापाने ६० एचआरसीच्या आसपास आणि डोकं मुद्दाम ४५ च्या आसपास मऊ ठेवलेलं, म्हणजे ठोक्याने डोकं उडत नाही. दुसरा प्रकार एच१३ पोलादाचा, नायट्राइड केलेला, म्हणजे नायट्रोजन मुरवून वरचा थर कडक केलेला: वरची कातडी ९५० विकर्सच्या (कडकपणाचं दुसरं माप) वर, आतला गाभा चिवट. शिशाच्या डायसाठी आमची पसंती या दुसऱ्या प्रकाराला आहे. कातडी झिजत नाही आणि गाभा कटकन तुटत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं: तिची जाडी घासून कमी करायची नाही. कडक थर पातळ असतो, तो गेला की खाली मऊ गाभाच उरतो. लांबी कापायला हरकत नाही. तयार पिनेची जाडी जी६ या ठरलेल्या तफावतीत असते, म्हणजे २ मिमी पिन प्रत्यक्षात २ ते ८ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) कमी भरते. नीट रीमर मारलेल्या भोकात ती आणखी काही न करता बसते.

तयार माप मिळालं नाही तर सिल्व्हर स्टील, म्हणजे जास्त कार्बनचं टूल स्टील. हे ग्राइंड केलेल्या गोल कांड्यांच्या रूपात मिळतं, पण मऊ अवस्थेत. तसंच घातलं तर टोक फुलतं, त्याला पाणी द्यावंच लागतं. ओएचएनएसच्या, म्हणजे तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलच्या, गोल कांडीचंही तेच.

एचएसएसचे (ड्रिल ज्याचे बनतात ते हाय-स्पीड स्टील) ग्राइंड केलेले गोल तुकडे ६२-६५ एचआरसी कडक असतात. झिजेला उत्तम, पण ढकलणारा दांडा जरा तिरका लागला तर तुटतात. आखूड, पूर्ण आधार असलेल्या पिनेसाठीच घ्या. तुटलेल्या ड्रिलच्या मागच्या दांड्यावर विसंबू नका. तो भाग अनेकदा पुढच्यापेक्षा मऊ ठेवलेला असतो.

पियानो वायर, म्हणजे स्प्रिंगची कडक ओढलेली तार, १ ते १.५ मिमीच्या बारीक पिनांना फार चांगली. चिवट असते, पाणी द्यायची गरज नसते. फक्त वेटोळ्यातली घेऊ नका. तो बाक हाताने पुरता निघत नाही. सरळ कांड्या मागा. आणि तिला आच लावू नका, तापली की तिचा कस गेला.

खाऱ्या हवेमुळे स्टेनलेसचा मोह होतो. पण ३०४ आणि ३१६ पाणी देऊन कडक होत नाहीत. ४२० किंवा ४४०सी होतात, पण बारीक ग्राइंड केलेल्या कांडीत ते सहज हाती लागत नाहीत. गंजाचा इलाज तेलाने करावा, मऊ स्टेनलेसने नव्हे.

कुठून आणायचं

मिरजोळे, खेर्डी, लोटे, महाड किंवा कुडाळच्या एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंग करणारा कारखाना जवळ असेल तर तिथल्या टूलरूममध्ये आधी विचारा. २-३ पिना त्यांच्याकडे शिल्लक असतात. नाहीतर रत्नागिरीहून आंबा घाटाने, वैभववाडीकडून गगनबावड्याने कोल्हापूर गाठायचं. उद्यमनगर आणि शिरोलीच्या बाजूला टूल स्टील आणि डाय-मोल्डचं सामान मिळतं. सावंतवाडीकडच्यांना बेळगावचं उद्यमबाग सोयीचं. मुंबईला फेरी असेल तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट.

दुकानात नुसतं ‘कडक पिन द्या’ म्हणू नका. जाडी, लांबी, डोक्याचा व्यास आणि जाडी, नायट्राइड की आरपार कडक, हे लिहून न्या. लांबी गरजेपेक्षा जास्तच घ्या, कापून एकीच्या दोन होत नाहीत पण एक नेमकी होते. एका डायमागे ४ पिना ठेवाव्यात. घेताना मायक्रोमीटरने तीन जागी मोजा, काचेवर लोळवा आणि शेवटच्या टोकाला बारीक कानस लावून पाहा. आरपार कडक पिनेवर कानस घसरते. सहज चावली तर ती मऊ कांडी आहे.

कापणे, पाणी देणे, बसवणे

तयार पिन डोक्याकडून नव्हे, टोकाकडून कापा. पातळ कटिंग चाक, हलका हात, आणि दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवणे. आरपार कडक पिनेचं टोक निळं पडलं तर तेवढा भाग वाया गेला समजा, कारण पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं. तोंड अगदी काटकोनात घासा. पोकळीकडच्या तोंडाची धार मोडू नका. तिथे उतार दिला तर शिसं त्यातच शिरतं.

ओएचएनएसला पाणी द्यायचं असेल तर कांडी लोखंडी पाइपच्या तुकड्यात ठेवून तापवा, म्हणजे आच सारखी लागते. चुंबक धरेनासं झालं की आणखी थोडं, साधारण ८०० अंश, चेरीसारखा लाल. मग सरळ उभीच कोमट तेलात. आडवी किंवा तिरकी बुडवली तर वाकडी होते. लगेच टेंपर करा, म्हणजे पुन्हा बेताचं तापवून ठिसूळपणा काढा. अंग पॉलिश करून जांभळा-निळा रंग येईपर्यंत हळू तापवा, म्हणजे २८०-३०० अंश. कडकपणा ५५ च्या आसपास येतो, तो पुरे. टेंपर न केलेली पिन काचेसारखी तुटते.

पाणी दिलेली ही पिन शेवटी ६०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा, गोल फिरवून नाही. तेल लावलेली पिन उभ्या भोकात स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. अडकली तर ठोकू नका, कुठे घासते ते मार्करची शाई लावून पाहा. तोंड पोकळीशी सपाट येईल इतकी लांबी ठेवा: खाली राहिली तर मालाला बोंड, वर आली तर खळगा.

माल दाबताना एरंडेलाचा अगदी पातळ हात पुरतो. जास्त तेल पोकळीत कोंडतं, त्याला जागा नसते आणि शिशावर सुरकुत्या व खळगे उमटतात. पिनेवर भारही वाढतो. काम संपल्यावर पिन बाहेर काढून घामाचे डाग पुसा, तेल लावा आणि कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पावसाळ्यात पिन डायमध्येच राहू दिली तर फटीत गंज धरतो आणि पुढच्या वेळी तिला ठोकूनच काढावं लागतं. शिशाची भुकटी फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नका.

नवी पिन घातल्यावर पहिले २० नग हळू दाबा, मग पिन काढून पाहा. एकाच बाजूला चकाकी आली असेल तर ढकलणारा दांडा रेषेत नाही. तो आधी सरळ करा, नाहीतर डब्यातल्या उरलेल्या तीनही पिना त्याच जागी तुटतील.