राजदूत ३५०ला आरसी ३९०चा पुढचा फोर्क बसवताना

एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये भारतात आणलेली राजदूत ३५० म्हणजे यामाहाची आरडी ३५०बी. इंजिन आजही दमदार, पण पुढचा फोर्क ३४ मिमीचा, त्यात दाबाप्रमाणे तेल अडवणारी यंत्रणा जुन्या पद्धतीची, आणि पुढेही ड्रम ब्रेक. जोरात ब्रेक मारला की नळ्या वाकतात आणि चाक आपल्या मनाने चालतं. म्हणून अनेक जण आजच्या स्पोर्टबाइकचा उलटा फोर्क (जाड नळी वर, बारीक चकचकीत नळी खाली) या गाडीला लावायचं ठरवतात. काम होतं आणि उत्तम होतं. मात्र ते पान्ह्याने कमी आणि व्हर्नियरने जास्त होतं.

दाता गाडी, म्हणजे जिचा फोर्क घ्यायचा ती, निवडताना पहिला निकष वजनाचा. सहाशे-हजार सीसीच्या गाडीचा फोर्क दिसायला भारी असतो, पण त्याच्या स्प्रिंगा आणि व्हॉल्व्ह जड गाडीसाठी बेतलेले असतात. दीडशे किलोच्या आसपासच्या राजदूतवर तो दगडासारखा कडक लागतो. केटीएम आरसी ३९०चं वजन राजदूतच्या जवळ जातं, २०२२च्या आधीच्या गाडीत फोर्कची हालचाल १२५ मिमी आहे, पुढचं चाक, डिस्क, कॅलिपर सगळं भारतात सहज मिळतं. स्प्रिंगही बहुधा बदलावी लागत नाही. त्यामुळे इथे तोच फोर्क धरला आहे. हा फोर्क ४३ मिमीचा म्हणून ओळखला जातो, पण तो त्याच्या आतल्या चकचकीत नळीचा व्यास. क्लॅम्पमध्ये बसणारी बाहेरची नळी त्याहून बरीच जाड असते. लेथवाल्याला ४३ सांगून मोकळे होऊ नका.

सुटे भाग गोळा करण्यापेक्षा पूर्ण संच घ्या: दोन्ही फोर्क, वरचा आणि खालचा क्लॅम्प (गॅरेजात याला ‘टी’ म्हणतात), चाक, एक्सल, दोन्ही बाजूंचे स्पेसर, डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर, सगळं एकाच वर्षाच्या गाडीचं. पहिल्या आरसी ३९०ची डिस्क ३०० मिमी, २०१७पासूनची ३२० मिमी. कॅलिपरची जागा त्याप्रमाणे बदलते, म्हणून सरमिसळ केली की पॅड डिस्कच्या कडेबाहेर जातात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जुना माल घ्याल तेव्हा बिलावर दाता गाडीचा चासी नंबर लिहून घ्या.

जुना फोर्क बहुतेक वेळा अपघातातल्या गाडीचाच असतो. आधी खालच्या क्लॅम्पवरचा स्टॉपर (हँडल ठरावीक मर्यादेपुढे वळू न देणारा उंचवटा) पाहा. तो चेपलेला किंवा तुटलेला असेल, तर हँडल जोरात आपटलेलं आहे आणि क्लॅम्प पिळलेला असण्याची शक्यता मोठी. आतली नळी सुटी करून व्ही-ब्लॉकवर फिरवा, डायल गेज लावा. ०.२ मिमीपेक्षा जास्त काटा हलला तर ती नळी घेऊ नका. क्रोमवरून अंगठ्याचं नख वरून खाली ओढा. नख जिथे अडेल, तिथे ऑइल सील फाटणार. नवं सील टाकून तो खड्डा बुजत नाही.

हिशोब आधी, खरेदी नंतर

गाडी सरळ जाणार की थरथरणार, हे ट्रेल ठरवतो. हेडपाइपची (चासीच्या पुढच्या टोकाची नळी, जिच्यात हँडल फिरतं) रेघ जमिनीला जिथे मिळते आणि टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं हे अंतर. काढायची रीत सोपी आहे: चाकाच्या त्रिज्येला हेडपाइपच्या कोनाच्या साइनने गुणा, त्यातून क्लॅम्पचा ऑफसेट वजा करा, उरलेल्या आकड्याला त्याच कोनाच्या कोसाइनने भागा. कोन उभ्या रेषेपासून मोजायचा. ऑफसेट म्हणजे स्टेमचं (खालच्या क्लॅम्पमधून हेडपाइपमध्ये जाणारा दांडा) केंद्र आणि दोन फोर्कच्या केंद्रांना जोडणारी रेघ यांतलं अंतर.

२०२२च्या आधीच्या आरसी ३९०चा कोन २३.५ अंश, ट्रेल ८८ मिमी. ११०/७०-१७ टायरची त्रिज्या सुमारे २९३ मिमी. यावरून उलटा हिशोब केला की तिच्या क्लॅम्पचा ऑफसेट ३६ मिमीच्या आसपास येतो. जुन्या गाड्यांचे ऑफसेट यापेक्षा बरेच मोठे, अनेकदा पन्नाशीच्या पुढे. आता समजा तुमच्या चासीचा कोन, गाडीवर माणूस बसलेला असताना, २७ अंश भरला. २९३ गुणिले ०.४५४ म्हणजे १३३. त्यातून ३६ गेले, ९७ उरले. भागिले ०.८९१, म्हणजे ट्रेल १०९ मिमी. हा चालणारा आकडा आहे. गाडी हायवेला रुळावर असल्यासारखी जाईल, फक्त घाटातल्या वळणात हँडलला थोडा जास्त जोर लागेल.

पुढचा भाग खाली गेला की कोन उभा होतो. १३२० मिमी व्हीलबेसला २३ मिमी खाली म्हणजे जवळपास एक अंश. २६ अंशांवर तोच ट्रेल १०३ होतो. ९० ते ११०च्या दरम्यान राहा. ८५च्या खाली गेलात तर खड्ड्यातून निघताना हँडल हातात फडफडेल. १७ इंची चाकाची त्रिज्या मूळच्या १८ इंचीपेक्षा साधारण १२ मिमी कमी असते, म्हणजे तेवढी गाडी आधीच खाली येते. हे विसरून फोर्क आणखी वर सरकवले, की आकडे बिघडतात.

स्टेम

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. आरसीचा स्टेम राजदूतच्या हेडपाइपमध्ये तसाच बसत नाही. बेअरिंगचे व्यास वेगळे, उंची वेगळी. राजदूतच्या कोनसेटमध्ये (हँडलचं बेअरिंग) सुट्या गोळ्या असतात. त्या काढून टेपर रोलर बेअरिंग घालायची हीच वेळ. हेडपाइपमधले बेअरिंगचे जुने कप ठोकून काढा आणि हेडपाइपचा आतला व्यास वर व खाली, दोन-दोन दिशांनी मोजा. हेडपाइप घासू नका आणि तिथे वेल्डिंग करू नका. चासी नंबर तिथेच कोरलेला असतो, आणि ही चासी आता पुन्हा बनणार नाही.

नवे कप ठोकताना आवाजाकडे कान ठेवा. कप अधांतरी असेपर्यंत हातोड्याचा आवाज पोकळ, बसका येतो. तळाला टेकला की एकदम टणक, खणखणीत होतो. हा बदल ऐकू आला नसेल, तर कप पूर्ण गेलेला नाही आणि पन्नास किलोमीटरमध्ये हँडल ढिलं पडेल.

आरसीचा क्लॅम्प ठेवून त्यात नवा स्टेम बसवायचा. साहित्य ईएन २४ हे मिश्र पोलाद, उष्णता प्रक्रिया केलेलं, म्हणजे ‘ईएन २४टी’. माइल्ड स्टील अजिबात नाही. भोसरी किंवा कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत असं काम रोज करणारे टर्नर भेटतात. त्यांना तोंडी सांगू नका, कागदावर आराखडा द्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात. स्टेमच्या तळाला क्लॅम्पच्या खालून टेकणारी कॉलर, म्हणजे वरचा नट आवळताना स्टेम वर ओढला जाणार नाही. क्लॅम्पमध्ये जाणारा भाग भोकापेक्षा ०.०३ ते ०.०५ मिमी जाड. खालच्या बेअरिंगची बैठक ०.०१ ते ०.०२ मिमी घट्ट, वरची मात्र हाताने सरकणारी, नाहीतर बेअरिंगचा ताण लावताच येत नाही. आणि वरचे आटे राजदूतच्या मूळ खाचांच्या नटाचेच, म्हणजे नट आणि त्याचा पान्हा दोन्ही जुनेच चालतात.

पाचवी गोष्ट टर्नर हमखास विसरतो, म्हणून ती वेगळी सांगायला हवी. व्यास बदलतो त्या कोपऱ्यात १ ते १.५ मिमीची गोलाई हवी. टूलने काटकोनात खाच पाडली की ब्रेकचा प्रत्येक झटका त्याच रेषेवर जमतो, बारीक तडा जातो आणि एक दिवस स्टेम तुटतो. गोलाई बेअरिंगच्या आतल्या कडेच्या गोलाईपेक्षा मोठी ठेवू नका, नाहीतर बेअरिंग तळाला टेकणार नाही. स्टेम पोकळ करायचा असेल तर भिंत ५ मिमीच्या खाली नेऊ नका.

बसवताना हातोडा नाही. क्लॅम्प केरोसीनने धुऊन कोरडा करा, ओव्हनमध्ये १५० अंशांवर अर्धा तास ठेवा. स्टेम आदल्या रात्री फ्रीझरमध्ये. ३० मिमीचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक १२० अंशांनी तापलं की सुमारे ०.०८ मिमी मोठं होतं, स्टेमही थोडा आकसतो. घट्टपणा ०.०४ असेल तर स्टेम हाताने सरकन आत जातो. दोन-तीन सेकंदांत बसवा, तेवढाच वेळ मिळतो. गॅसची ज्योत क्लॅम्पवर मारू नका. अ‍ॅल्युमिनियमची ताकद जाते आणि वरून काही कळत नाही.

वरच्या क्लॅम्पचं भोक मोठं पडलं तर अ‍ॅल्युमिनियमची बुश घाला. दोन क्लॅम्पमधलं अंतर आरसीच्या मूळ अंतराच्या जवळ ठेवा, कारण अशा फोर्कच्या बाहेरच्या नळीवर क्लॅम्पची जागा ठरलेली असते, वर-खाली व्यास सारखा नसतो. एकाही बोल्टला पान्हा न लावता दोन्ही फोर्क दोन्ही क्लॅम्पमधून सहज सरकले पाहिजेत. अडकत असतील तर स्टेम तिरका बसला आहे. बोल्ट आवळून तो सरळ होणार नाही.

जोडणी

बेअरिंगला ग्रीस भरा, नट आवळून हँडल टोकापासून टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, नट सैल करा, मग पुन्हा हलकाच आवळा. पुढचं चाक हवेत असताना हँडल मधून जरा ढकललं की स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढला तर कट्‌ असा आवाज येता कामा नये. वरचा क्लॅम्प आवळल्यावर हा ताण बदलतो, म्हणून तपासणी त्यानंतर पुन्हा करा.

क्लॅम्पच्या बोल्टला टॉर्क पान्हाच लावा. एम८ बोल्टला साधारण १२ ते १५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा दाता गाडीच्या मॅन्युअलचा. उलट्या फोर्कमध्ये खालचा क्लॅम्प जास्त आवळला की बाहेरची नळी आत दबते, बुश अडकतात, आणि महागडा फोर्क जुन्यापेक्षा वाईट चालतो. ‘स्प्रिंग कडक आहे’ अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा दोष या बोल्टचाच निघतो.

एक्सलचा नट आधी आवळा, मग पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबा आणि त्यानंतरच एक्सलचे पिंच बोल्ट आवळा. मधली पायरी गाळली तर दोन फोर्क समांतर राहत नाहीत.

आता स्प्रिंगा काढून फोर्क पूर्ण दाबा आणि टायर कुठे जातो ते बघा. टू-स्ट्रोक असल्यामुळे दोन्ही सायलेन्सरचे पाइप सिलिंडरच्या पुढूनच निघतात, जागा मुळात कमी. टायर आणि पाइप यांत, तसंच टायर आणि खालचा क्लॅम्प यांत किमान १५ मिमी मोकळीक हवी. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जाड नळ्या टाकीला आपटतात. मूळ स्टॉपर जुळत नसेल तर खालच्या क्लॅम्पमध्ये आटे पाडून एम८ बोल्टचा स्टॉपर करा, ओतीव क्लॅम्पवर वेल्डिंग नको. इंजिन आयडलवर ठेवून हँडल पुन्हा फिरवा. इंजिनचा आवाज चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे.

दाता गाडीला एबीएस असेल तर मॉड्यूल गाळून मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत एकच स्टीलच्या वेणीचा पाइप टाका, डॉट ४ तेल भरा. मास्टर सिलिंडर आरसीचाच ठेवा, दुसरा लावलात तर लिव्हर एकतर लाकडासारखा कडक होतो किंवा हँडलला टेकतो. स्पीडोमीटरची केबल मूळ पुढच्या हबमधून येते, ती जाते. चुंबक-सेन्सरचा मीटर लावून त्यात चाकाचा घेर टायरवरून मोजून भरा.

मागच्या बाजूला मोनोशॉकचा मोह टाळा. ही चासी दोन शॉकअपसाठी बनलेली आहे. टाकीखालच्या नळीवर एकाच जागी सगळा भार आला तर ती पिचते. मूळ लांबीचे गॅसचे दोन शॉकअप लावा, स्विंगआर्मची बुश बदला, पुरे.

कागदांचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, आणि मूळ फोर्क, हब, कोनसेट तेल लावून, गुंडाळून जपून ठेवा.

आतल्या नळीवर एक केबल-टाय घट्ट बांधा. नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसल्यावर फोर्क ३५ ते ४० मिमी खाली गेला पाहिजे. जास्त जात असेल तर स्प्रिंगवरचा स्पेसर वाढवा, १ मिमीला साधारण १ मिमी फरक पडतो. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, ३०च्या वेगात. ६०-७०वरून वेग कमी होताना हँडल थरथरलं तर बेअरिंग सैल आहे. शंभरच्या पुढे अख्खी गाडी डुलली तर मागची बुश तपासा. ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या. जोरात ब्रेक मारल्यावर केबल-टाय हालचालीच्या टोकापासून १० ते १५ मिमी अलीकडे थांबला तर ठीक. टोकाला जाऊन आपटत असेल तर दोन्ही फोर्कमध्ये तेलाची पातळी ५ मिमीने वाढवा आणि पुन्हा बघा.