बोगद्यात मॅपच्या भरवशावर राहू नका

विदर्भातून नाशिकला नव्याने आलेल्या मंडळींनो, घर, गॅस, मुलांची शाळा याबद्दल सांगणारे सातपूर-अंबडमध्ये पुष्कळ भेटतील. मी रस्त्याचं सांगतो, कारण सपाट मुलखातून आलेले आपले लोक एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा चुकताना पाहतोय.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ जवळजवळ ८ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. आपण कुठे आहोत हे ठरवायला फोनला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात आणि डोंगराच्या कातळातून ते आत येत नाहीत. मग फोन शेवटचा वेग आणि दिशा धरून अंदाजाने बाण पुढे सरकवतो, नाहीतर बाण तिथेच थिजतो. ताशी ८० ने गेलात तरी सहा मिनिटं हे असंच चालतं.

खरी गोम मुंबईहून परतताना. बोगदा संपला की थोड्याच अंतरावर इगतपुरीचं एक्झिट येतं, आणि नाशिकसाठी तिथेच उतरायचं असतं. फोन अजून उपग्रह शोधत असतो. ते सुटलं तर थेट भरवीरला उतरून सिन्नर-घोटी रस्त्याने मागे यावं लागतं. आमच्या सोसायटीतल्या एकाने हे टाळायला गाडी रिव्हर्स घेतली. मागून ट्रक आला. माणसं वाचली, गाडी भंगारात गेली. म्हणून हात जोडून सांगतो: एक्झिट सुटलं तर सुटू द्या, पेट्रोल जळू द्या, पण रिव्हर्स घेऊ नका. बाण थांबला म्हणून बोगद्यात गाडी थांबवू नका. आत फोनला हात लावू नका.

बोगद्यात शिरण्याआधीच पुढचं एक्झिट शेजारच्याला मोठ्याने सांगून ठेवा आणि बाहेर पडल्यावर पाट्या वाचायचं काम त्याच्याकडे द्या. आपल्या पोरांना पाटी वाचायचा कंटाळा आहे, हे मला मनापासून खटकतं. इथले जुने ड्रायव्हर मॅप लावतात, पण नजर पाटीवर ठेवतात. ते शिकण्यासारखं आहे.

हेडलाइट लावा, गॉगल काढा. पावसाळ्यात इगतपुरीला बोगद्याच्या तोंडाशीच धुकं असतं, तेव्हा वेग आधीच कमी करा. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, तिने कसारा घाटातूनच जा.

शहरातही असाच घोळ होतो. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलावर तुम्ही वर आहात की खालच्या रस्त्यावर, हे फोनला नीट कळत नाही. मुंबई नाक्याला किंवा द्वारकेला काम असेल तर पूल चढायच्या आधीच खालचा रस्ता धरा. पत्ता विचाराल तेव्हा नाशिककरांना पुलाच्या वरून की खालून, हेही विचारून घ्या.