पाट्यांचे बुश बदलताय? या चुका टाळा, नाहीतर करकर परत येईल

पिकअप गतिरोधकावरून गेली की मागून करकर वाजते. पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्या (लीफ स्प्रिंग), आणि बुश म्हणजे त्यांच्या टोकात बसणारा तुकडा: बाहेर एक नळी, आत एक नळी, मध्ये रबर. मालक गाडी घेऊन येतो आणि पहिलंच वाक्य असतं, "मिस्त्री, जळकं ऑइल मारलं, डिझेल मारलं, आवाज काही जाईना." हे ऐकलं की माझा जीव तुटतो. रबराला खनिज तेल चालत नाही. त्यात रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग लवकर फाटतं. तेलानं आवाज दोन दिवस दबतो, तेवढ्यात त्या ओलसर जागी धूळ बसते आणि पुढची झीज सुरू होते. जो बुश अजून वर्षभर चालला असता, तोही यात जातो.

आधी आवाज कुठून येतोय ते शोधा. मी पाण्याची बाटली घेतो, झाकणाला भोक पाडतो आणि एकेका बुशवर पाणी सोडतो. पोरगं हौद्याच्या मागच्या टोकावर उभं राहून गाडी दाबत असतं. ज्या बुशवर पाणी पडल्यावर आवाज थोडा वेळ थांबतो, तो गुन्हेगार. मग तिथे पहार घालून उचकून बघायचं. मधली नळी एका बाजूला सरकलेली दिसली किंवा रबराचा भुगा पडला, तर बुश संपला. कधीकधी बुश ठणठणीत असतात आणि आवाज पाट्यांच्या मधून किंवा ढिल्या यू-बोल्टमधून (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) येतो. हे न बघता थेट बुश मागवणारे खूप आहेत.

आता ज्या चुकीसाठी हे लिहायला बसलो ती. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट शेवटपर्यंत आवळले जातात.

2009 साली मी स्वतः हे केलं. टोमॅटोचा हंगाम होता. नारायणगावहून आळेफाटा, तिथून माळशेज घाट उतरून वाशीला माल नेणारी पिकअप होती. ड्रायव्हरला संध्याकाळी कॅरेट भरायचे होते, तो डोक्यावर उभा. दोन्ही बाजूंचे सगळे बुश नवे घातले, गाडी वर असतानाच सगळं कडक केलं, मग खाली उतरवली. आवाज गेला, पैसे मिळाले. तिसऱ्या आठवड्यात तीच गाडी परत आली, करकर आधीपेक्षा मोठी. उघडलं तर नव्या बुशचं रबर आतल्या नळीपासून सुटून आलेलं. मालक म्हणाला, "डुप्लिकेट माल घातला का हो?" माल अस्सल होता. चूक माझ्या पान्याची होती.

कारण समजून घ्या. रबरी बुशमध्ये बोल्टभोवती काही फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) प्लेटमध्ये गच्च धरली जाते, बाहेरची नळी पाट्याच्या वळलेल्या टोकात गच्च असते, आणि मधलं रबर पीळ खाऊन हालचाल झेलतं. चाकं लोंबकळताना पाटा जास्त वाकलेला असतो. त्या स्थितीत आवळलं की तीच रबराची विश्रांतीची जागा ठरते. गाडी खाली आली की रबराला पीळ बसतो, वर माल भरला की आणखी बसतो, आणि खड्ड्यात आणखी. गाडी उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं. ओला टॉवेल पिळून तसाच बांधून ठेवल्यासारखं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. गाडी वर असताना बोल्ट फक्त हाताला लागेल इतके. मग गाडी चाकांवर उतरवायची, चार हात पुढे-मागे ढकलायची, हौदा दोन-तीनदा दाबायचा, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. त्यानंतर खाली शिरून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं, म्हणजे ठरवून दिलेल्या पिळाच्या जोरानं, आवळायचं. बोल्ट ढिले असेपर्यंत स्टिअरिंगला लाल फडकं बांधून ठेवतो आणि चावी माझ्या खिशात असते. दहा मिनिटं जास्त जातात. तेवढा वेळ नसलेल्या माणसानं हे काम दुसऱ्या दिवशी करावं.

दुसरी चीड गॅस कटरची. जुना बुश निघत नाही म्हणून त्यावर ज्योत धरतात. रबर जळून धूर होतो, तो धूर फुफ्फुसात जातो, ते एक. दुसरं, पाट्याचं लोखंड साधं नसतं, त्याला कारखान्यात उष्णता देऊन पाणी चढवलेलं असतं. तुम्ही टोक लाल केलंत की ते पाणी उतरतं, आणि मेन पाटा (ज्याच्या वळलेल्या टोकात बुश बसतो तो) भरल्या गाडीत त्याच टोकाशी दगा देऊ शकतो. मी रबर काढून घेतो, हॅक्सॉचं ब्लेड आत घालून बाहेरच्या नळीला लांबीत एक चीर पाडतो आणि छिन्नीनं नळी आत दुमडतो. चीर पाट्याला लागू द्यायची नाही. कंटाळवाणं काम आहे, पण पाटा शाबूत राहतो.

नवा बुश आत घालताना दाब बाहेरच्या नळीच्या कडेवरच आला पाहिजे. मधल्या नळीवर घण मारलात तर बुश बसण्याआधीच फाटला. लांब आटेदार रॉड, दोन जाड वॉशर आणि मापाचा पाइपाचा तुकडा, एवढ्यावर काम होतं. बसत नसेल तर साबणाचं पाणी लावा.

एकच बाजू बदलू नका. आणि गाडी कधीही फक्त जॅकवर ठेवू नका, चेसिसखाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड) लावाच.

यू-बोल्ट सोडावे लागले तर नवेच घाला. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. गाडी थोडी चालली की तेही पुन्हा तपासायचे.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (एक प्रकारचं चिवट प्लास्टिक) बुश घेतलेत तर त्यांच्यासोबत येणारं ग्रीस कोपऱ्यात पडू देऊ नका. ते न लावता घातलेले बुश नवेकोरे असताना किंचाळतात.

मोठ्या ट्रकवर धातूचा बुश आणि निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेली पिन असते. तिथे गाडी भाराखाली असताना ग्रीस मारलं की ते रिकाम्या बाजूनं पळतं, दाबाखालची बाजू कोरडीच राहते. चेसिस उचलून पिनवरचा भार काढा, मग ग्रीस गन लावा. आधी काळं ग्रीस येईल, नंतर ताजं. दोन्ही कडांनी ताजं दिसेपर्यंत थांबू नका, आणि एका बाजूनं काहीच येत नसेल तर पिन काढून तिचं भोक साफ करा.